ताप नाही, तरी गाठीत पू: पिट्युटरीचा संसर्ग लवकर का सापडत नाही

डोकं दुखायला लागलं की आपल्याकडे माणूस आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतो. नंबर बदलूनही थांबलं नाही तर सायनस असेल म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. मग पित्त, मग मान, मग टेन्शन. निपाणीचा असेल तर कोल्हापूर गाठतो, रायबाग-चिकोडीकडचा मिरजेला जातो, खानापूरचा बेळगावला येतो, कारवारकडचा गोव्याला. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल होते आणि जुनी घरी कपाटावर राहते. बहुतेक वेळा यात फारसं बिघडत नाही, कारण बहुतेक डोकेदुखी साधीच असते. पण एक आजार असा आहे की त्याची लक्षणं अशी वाटली गेली की निदान हातातून निसटतं. तो म्हणजे पिट्युटरी ग्रंथीत, किंवा तिथे आधीपासून असलेल्या गाठीत, जंतू शिरून पू होणं.

आजार दुर्मिळ आहे. पिट्युटरीच्या शंभर शस्त्रक्रिया झाल्या तर त्यात पू निघालेली एखादीच सापडते. तरी त्यावर सविस्तर लिहावंसं वाटतं, त्याला दोन कारणं आहेत. वेळेत सापडला तर माणूस वाचतो, बऱ्याचदा दृष्टीही वाचते. आणि या आजाराची जी चिन्हं आहेत, तीच पिट्युटरीच्या साध्या गाठीत आणि गाठीत अचानक रक्तस्राव झाल्यावरही दिसतात. ते आजार काही इतके दुर्मिळ नाहीत.

आधी ही ग्रंथी बसते कुठे ते बघू, कारण सगळी गोष्ट तिच्या जागेत आहे. पिट्युटरीचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळापासून सरळ मागे, कवटीच्या तळाला हाडात एक खळगा असतो, त्यात ती बसते. थायरॉइड, अॅड्रिनल (मूत्रपिंडावर बसलेली छोटी ग्रंथी), बीजांड, वृषण यांना कामाला लावणारी हार्मोन्स ती बनवते. शरीरातलं पाणी राखणारं हार्मोनही तिच्याच मागच्या भागातून रक्तात जातं. जुन्या बेळगावातल्या गल्ल्यांमध्ये घरं जशी भिंतीला भिंत लावून उभी असतात, तशी तिची वस्ती आहे. डोक्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ती जागा. खाली पातळ हाड आणि त्याखाली स्फेनॉइड नावाचं सायनस. डाव्या-उजव्या बाजूला कॅव्हर्नस सायनस. हा नाकातल्या सायनससारखा पोकळ नाही, यात अशुद्ध रक्त भरलेलं असतं. त्यातूनच मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी जाते, आणि डोळा हलवणाऱ्या तिन्ही नसा, तसंच कपाळ आणि गालाला संवेदना देणाऱ्या नसाही तिथूनच जातात.

म्हणून या ग्रंथीत काही फुगलं की पहिली ओरड शेजाऱ्यांकडून येते. ती कुठल्या शेजाऱ्याने केली त्यावर माणूस कुठल्या डॉक्टरकडे जाईल हे ठरतं. सगळा घोटाळा इथे होतो.

जंतू तिथे पोचतात कसे? एक वाट खालून, स्फेनॉइड सायनसमधल्या संसर्गातून. दुसरी रक्तातून, शरीरात दुसरीकडे कुठेतरी असलेल्या संसर्गातून. मेंदूज्वरातून किंवा कॅव्हर्नस सायनसच्या संसर्गातूनही ते येतात. नाकातून झालेल्या पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, पू झाल्याच्याही नोंदी आहेत. साधारण दोन तृतीयांश रुग्णांत ग्रंथी आधी निरोगी असते. उरलेल्यांत तिथे आधीच काहीतरी असतं: अॅडिनोमा म्हणजे साधी, कर्करोग नसलेली गाठ, जन्मापासूनची एखादी पाण्याची पिशवी, किंवा जुनी शस्त्रक्रिया. गाठीचा रक्तपुरवठा कच्चा असतो, आत कधी रक्तस्राव झालेला असतो, काही भाग मेलेला असतो. अशा जागी जंतूंना थारा लवकर मिळतो असं मानलं जातं.

पिट्युटरीत पू झाल्याचं पहिलं वर्णन 1848 मध्ये हेस्लॉप यांनी केलं. तेव्हापासून आजवर डॉक्टरांना एकाच गोष्टीने सर्वात जास्त चकवलंय: पू असूनही ताप नसतो. निम्म्याहून जास्त रुग्णांना ताप येतच नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कित्येकदा नॉर्मल असतात. संसर्ग एवढ्याशा कप्प्यात कोंडलेला असतो आणि हळूहळू वाढतो. "ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही" हे आपल्या घराघरातलं गणित इथे लागू पडत नाही.

आता शेजाऱ्यांच्या ओरडीकडे येऊ.

डोळ्यांच्या नसांवर खालून दाब आला की दृष्टीचं क्षेत्र बाहेरच्या दोन्ही बाजूंनी जातं. समोरचं अक्षर स्वच्छ वाचता येतं, म्हणून चष्म्याच्या दुकानातला तक्ता सगळा बरोबर वाचला जातो. पण उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर दुचाकी चालवताना बाजूने आलेली ट्रॅक्टर-ट्रॉली दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. ताटातला डाव्या टोकाचा लिंबू राहून जातो. घरचे म्हणतात, लक्ष कुठंय याचं. हे तपासायला मशीन लागतंच असं नाही. डॉक्टर रुग्णाच्या समोर हातभर अंतरावर बसतात. रुग्णाला उजवा डोळा हाताने झाकायला लावतात, स्वतःचा डावा मिटतात, आणि सांगतात, माझ्या नाकाकडे बघत राहा. मग बोट हलवत बाहेरून आत आणतात. डॉक्टरांना बोट दिसायला लागलेलं असतं, रुग्ण अजून गप्पच असतो. बोट जवळजवळ मधोमध आलं की तो म्हणतो, हां, आता दिसलं. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. महिनोन् महिने डोकं दुखणाऱ्या प्रत्येक माणसाची ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमधल्या नसा दबल्या तर चित्र वेगळं. तिसरी नस गेली की एका डोळ्याची पापणी पडते, ती बोटाने उचलली तर आतला डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. सहावी नस गेली तर डोळा बाहेरच्या बाजूला जात नाही आणि एकाचे दोन दिसतात. ज्यांना साखर आहे अशांची पापणी पडली की "शुगरमुळे नस गेली" असं लगेच म्हटलं जातं, आणि ते बरेचदा खरंही असतं. फरक बाहुलीत असतो. साखरेमुळे तिसरी नस गेली तर बाहुली बहुधा नेहमीसारखीच राहते, दाबामुळे गेली तर मोठी होऊन टॉर्चच्या उजेडालाही आकसत नाही. अर्थात बाहुली ठीक आहे म्हणून दाब नाहीच, असं सांगता येत नाही. सोबत डोकं ठणकत असेल तर स्कॅन करून घेणंच बरं. दोन्ही डोळे सुजून, लाल होऊन पुढे यायला लागले, तर कॅव्हर्नस सायनसमध्ये रक्ताची गुठळी झाल्याची शंका येते. तिथे तासांचा हिशोब असतो, दिवसांचा नाही.

कधी आजार मेंदूज्वराचं रूप घेतो. पू मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो, मान ताठते, उजेड सहन होत नाही. पाठीतून पाणी काढून तपासलं तर पेशी वाढलेल्या दिसतात, पण कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत. गाठीत नुसता रक्तस्राव झाला तरी हेच दिसू शकतं, त्यामुळे हे दोन आजार एकमेकांच्या वेशात फिरतात. मेंदूज्वर प्रतिजैविकांनी बरा झाला आणि काही महिन्यांनी परत आला, तर पहिला प्रश्न हा विचारायचा: जंतूंना वाट कुठून मिळतेय? यातली एक वाट फार कमी लोकांना माहीत असते. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध आणणारं हार्मोन, बनवणारी पिट्युटरीची गाठ कॅबरगोलीन नावाच्या गोळ्यांनी छान आक्रसते. पण गाठीने जर खालचं हाड आधीच खाल्लेलं असेल, तर त्या भोकाला बूचही तिचंच असतं. ती आक्रसली की मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू लागतं आणि त्याच वाटेने नाकातले जंतू वर चढतात. या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या एका नाकपुडीतून, खाली वाकल्यावर, पाण्यासारखं पातळ आणि चवीला खारट काही ठिबकू लागलं तर ते पडसं समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

क्वचित अंगावरून वारं जातं. कॅरोटिड धमनी गाठीला अगदी खेटून असते. पू किंवा रक्ताच्या दाहाने ती आकुंचन पावते, किंवा बाहेरून दबते, आणि एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो. लकवा म्हणून आलेल्या माणसाच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सगळ्यांचं लक्ष लकव्याच्या डागाकडे जातं, खाली मधोमध असलेल्या खळग्याकडे नजर जाईलच असं नाही. वय कमी आहे, रक्तदाब नाही, आठ-पंधरा दिवस आधीपासून डोकं भयंकर दुखत होतं आणि नजर अंधुक होती, एवढं कुणी सांगितलं तर तिकडे नजर वळते. म्हणून सोबत येणारा माणूस महत्त्वाचा. दवाखान्यात पुष्कळदा मुलगा किंवा पुतण्या येतो, कारण त्याला गाडी चालवता येते. घरी रात्रंदिवस जवळ असते ती सून किंवा बायको, आणि खरी हकिगत तिला माहीत असते. खानापूरच्या आतल्या गावांतून आलेल्या वयस्क बायका डॉक्टरांसमोर "डोकं दुखतंय" एवढंच बोलून गप्प होतात. त्यांची भाषा जाणणारं, घरचं बाईमाणूस बरोबर असू द्या.

या सगळ्यांत मला सर्वात जास्त काळजी वाटते ती सोडियमची. चिकोडी तालुक्यातल्या एखाद्या गावातली पासष्टीची आजी डोळ्यांसमोर आणा. गेले काही महिने अंगात त्राण नाही, जेवण कमी झालंय, उठलं की घेरी येते. एके दिवशी ती घरच्यांना ओळखेना, असंबद्ध बोलू लागली, मग झटका आला. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम 112. नॉर्मल असतं 135 ते 145. सलाईन लागतं, सोडियम वर येतं, आजी घरी येते आणि तीन आठवड्यांत परत तीच गत. घरात सगळ्यांना पाठ होतं, "आजीचं सोडियम कमी होतं". पण ते का कमी होतं, हा प्रश्न राहून जातो. पिट्युटरी बिघडली की अॅड्रिनलला आदेश जात नाही आणि तिचं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनत नाही. कॉर्टिसॉल नसलं की पाणी राखणारं हार्मोन नको तेवढं सुटतं, शरीर पाणी साठवत जातं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. मीठ जास्त खाऊन यावर उपाय होत नाही. कॉर्टिसॉल कमी असल्याचं कळलं आणि त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं तर सोडियम स्वतःहून चढायला लागतं. उलट ते फार वेगाने चढू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण एका दिवसात फार वाढलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण विरघळून कायमचं नुकसान होऊ शकतं. दुसऱ्यांदा सोडियम कमी आलं की सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल तपासणी झालीच पाहिजे. ती साधी रक्ततपासणी आहे.

थायरॉइडबाबतही असाच एक सापळा आहे. पुष्कळ ठिकाणी नुसतं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, बघतात आणि ते नॉर्मल आलं की थायरॉइड ठीक म्हणून सोडून देतात. पण टीएसएच बनवते पिट्युटरीच. तीच आजारी असेल तर टीएसएच वाढणार कुठून? अशा वेळी फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, बघावं लागतं. ते कमी आलं म्हणून लगेच थायरॉइडची गोळी चालू करणंही धोक्याचं आहे. आधी कॉर्टिसॉल भरून काढायचं, मग थायरॉक्सिन. क्रम उलटा झाला तर असलेलं तुटपुंजं कॉर्टिसॉलही झपाट्याने संपतं आणि माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो.

आणि तहान. माझ्या मते निदानाची सर्वात मोलाची खूण हीच आहे. पिट्युटरीच्या साध्या गाठीत शस्त्रक्रियेआधी सतत तहान आणि भरमसाट लघवी हे लक्षण क्वचितच दिसतं. पू झालेल्या रुग्णांत ते निम्म्याच्या आसपास लोकांना असतं, कारण पाणी राखणारं हार्मोन कमी पडतं. रात्री उशाशी तांब्या भरून ठेवलेला असतो, तो दोनदा रिकामा होतो. माणूस तासा-दीड तासाला उठतो, लघवी पाण्यासारखी पांढरी होते. साखर तपासली तर नॉर्मल येते, आणि विषय तिथेच संपतो. तो संपू देऊ नका. साखर नाही, तहान आहे, डोकं दुखतंय, नजर किंवा पापणी बिघडलीय, हे चौघं एकत्र आले तर पिट्युटरीचा एमआरआय व्हायला हवा. एक गुंताही सांगून ठेवतो. कॉर्टिसॉल खूप कमी असेल तर ही लघवी झाकली जाते, आणि स्टेरॉइड चालू केल्यावर अचानक वाढते. औषध लागू पडलं नाही असा त्याचा अर्थ नाही, खालचा आजार उघडा पडला एवढंच.

एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊन, आणि खास पिट्युटरीवर लक्ष ठेवून करावा लागतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे निसटू शकतं. पू असला तर बहुधा मधला भाग काळपट आणि भोवती चमकणारं कडं दिसतं. मात्र आत रक्तस्राव झालेली गाठ किंवा साधी पाण्याची पिशवीही तशीच दिसू शकते, त्यामुळे डिफ्यूजन नावाचा भाग करून अंदाज पक्का करतात. तरीही कितीतरी रुग्णांत खरं निदान शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतं. गाठ म्हणून आवरण उघडावं आणि पू बाहेर यावा, असं.

आपल्या भागात आणखी दोन शक्यता धरून चालावं लागतं. एक क्षय. छातीत काही नसतानाही पिट्युटरीत क्षयाची गाठ होऊ शकते. दुसरी बुरशी, विशेषतः साखर ताब्यात नसलेल्यांत. 2021 मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीचे रुग्ण आपण पाहिले. ती नाकातून सायनस, डोळा आणि पुढे कॅव्हर्नस सायनसकडे कशी सरकते हे तेव्हा सर्वांना कळलं. म्हणून काढलेला पू साध्या कल्चरसोबत क्षय आणि बुरशीसाठीही पाठवावा लागतो. एवढं करूनही जवळजवळ निम्म्या रुग्णांत काहीच उगवत नाही, विशेषतः आधी प्रतिजैविकं होऊन गेली असतील तर. गावात अंगदुखीसाठी मिळणाऱ्या पुड्या आणि "ताकदीची" इंजेक्शनं हा वेगळा त्रास. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस फार बरं वाटतं आणि आत संसर्ग वाढत राहतो. असं काही घेतलं असेल तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा.

उपचार म्हणजे पू काढणं. नाकातून दुर्बीण घालून, स्फेनॉइड सायनसमधून थेट ग्रंथीपर्यंत जातात. कवटी उघडावी लागत नाही. नाकाच्या वाटेने पिट्युटरीची पहिली शस्त्रक्रिया श्लॉफर यांनी 1907 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे केली. आज तीच वाट दुर्बिणीमुळे कितीतरी सुरक्षित झाली आहे. त्यानंतर शिरेतून प्रतिजैविकं साधारण चार ते सहा आठवडे, क्षय असेल तर गोळ्या वर्षभर किंवा त्याहून जास्त. आपल्याकडची माणसं पंधराव्या दिवशी बरं वाटलं की घरी जायची घाई करतात, शेतीची कामं असतात, बरोबर थांबायला कोणी नसतं. ही अडचण खरी आहे. मग डिस्चार्ज मागण्याऐवजी उरलेली इंजेक्शनं घराजवळच्या दवाखान्यात घेता येतील का, हे डॉक्टरांनाच विचारावं.

नजर पुष्कळांची सुधारते, पापणीही बहुधा उचलली जाते. हार्मोन्सचं तसं नसतं. ग्रंथी एकदा मेली की कित्येकांना हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन आणि तहानेसाठी डेस्मोप्रेसिन जन्मभर घ्यावं लागतं. यातली हायड्रोकॉर्टिसोनची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालात, जोतिबाला निघालात तरी आधी ती पिशवीत टाका. ताप आला तर डोस दुप्पट करायचा, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं, बेळगावला पोचेपर्यंत थांबायचं नाही. आणि खिशात एक चिठ्ठी कायम ठेवा, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत लिहिलेली: पिट्युटरी निकामी आहे, स्टेरॉइड चालू आहे, बेशुद्ध असेन तर आधी हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम द्या.